रॉजर ईगल : तबकड्यांचा जाणकार

उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांत १९७० च्या दशकात हजारो कामगार तरुण शनिवारची रात्र पहाटेपर्यंत नाचून काढत. ती गाणी असत अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांची. जुनी, दुर्मीळ आणि बहुधा मायदेशातही न खपलेली. ‘नॉर्दर्न सोल’ या नावाने ही चळवळ ओळखली गेली. तिचा पाया घालणाऱ्यांत रॉजर ईगल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मात्र, चळवळीला नाव मिळण्यापूर्वीच ते तिच्यापासून दूर झाले होते.

ईगल यांचा जन्म ऑक्सफर्डचा, १९४२ मधला. १९६२ मध्ये ते मँचेस्टरला आले आणि केलॉग्जच्या कारखान्यात काम करू लागले. शिकागोच्या चेस कंपनीच्या तबकड्या ते टपालाने मागवीत. अशाच नव्या तबकड्यांचे पुडके घेऊन ते एका कॉफी बारमध्ये बसले असता, तेथे क्लब काढू पाहणाऱ्या अबादी बंधूंची नजर त्यावर गेली. १९६३ मध्ये ब्रेझनोज स्ट्रीटवर ‘ट्विस्टेड व्हील’ सुरू झाला आणि तबकड्या वाजविण्याचे काम ईगल यांच्याकडे आले.

क्लबमध्ये मद्य मिळत नसे. शनिवारी रात्रभर संगीत चाले. ब्लूज, जाझ, सोल, जमैकाचा स्का असे सारे ते वाजवीत; द्रुत गाण्यामागून एखादे विलंबित गाणे येई. जॉन ली हूकर, सनी बॉय विल्यम्सन यांच्यासारखे दिग्गज तेथे प्रत्यक्ष गाऊन गेले. १९६४ पासून ईगल यांनी या संगीताला वाहिलेले मासिकही काढले. श्रोत्यांचा कान घडविणे, हे ते आपले काम मानीत.

श्रोत्यांना मात्र वेगळेच हवे होते. झोप उडविणाऱ्या गोळ्या घेऊन रात्रभर नाचणाऱ्यांना विलंबित गाणे म्हणजे खोळंबा वाटे. एकाच वेगाचा ठेका वाजवीत राहणे ईगल यांना रुचेना. १९६५ मध्ये क्लब व्हिटवर्थ स्ट्रीटवर हलला. पुढच्याच वर्षी त्यांनी तो सोडला. तो द्रुत ठेकाच पुढे चळवळीची ओळख ठरला. १९७० मध्ये पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी आपल्या लेखातून तिचे नाव रूढ केले. व्हील १९७१ मध्ये बंद झाला, तरी विगन कसिनोने १९७३ ते १९८१ या काळात ती परंपरा चालविली. दुर्मीळ तबकडीचे नाव प्रतिस्पर्ध्याला कळू नये, म्हणून डीजे तिच्यावर खोटी चिठ्ठी डकवीत. आपल्याकडील गाणे इतरांना ऐकविण्यासाठी धडपडणाऱ्या ईगल यांच्या वृत्तीच्या हे अगदी उलट होते.

त्यांनी स्वतः १९६८ मध्ये ‘मॅजिक व्हिलेज’ काढला. १९७६ मध्ये भागीदारांसह लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीटवर ‘एरिक्स’ उघडला. पंक संगीताच्या त्या ऐन भरात तेथील ज्यूकबॉक्समध्ये जुने ब्लूज आणि रेगे असे. लहान वयाच्या श्रोत्यांसाठी दुपारचे कार्यक्रम होत. शहरातील पुढच्या पिढीचे अनेक वादक त्या तळघरात तयार झाले. पोलिसांच्या छाप्यानंतर १९८० मध्ये तोही बंद पडला. पुढे मँचेस्टरच्या ‘इंटरनॅशनल’ क्लबसाठी त्यांनी अनेक देशांचे कलावंत आणले.

पैसा त्यांनी कधीच गाठीला बांधला नाही. १९९९ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. व्हिटवर्थ स्ट्रीटवरील व्हीलची वास्तू पुढे हॉटेलसाठी पाडण्यात आली.