एलवूड हेन्स
एलवूड हेन्स (१४ ऑक्टोबर १८५७, पोर्टलंड, इंडियाना – १३ एप्रिल १९२५, कोकोमो, इंडियाना) हे अमेरिकन धातुशास्त्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. वूस्टर येथे पदवीसाठी त्यांनी टंगस्टनचा लोखंड व पोलादावरील परिणाम हा विषय निवडला. पुढे काही काळ ते शिक्षक होते.

४ जुलै १८९४ रोजी त्यांनी कोकोमोजवळ स्वतःची मोटारगाडी चालवून दाखवली. लोक त्यांना याच गाडीमुळे ओळखतात. मात्र त्यांचे अधिक टिकाऊ कार्य मिश्रधातूंतील आहे. कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूचे एकस्व त्यांना १९०७ मध्ये मिळाले. ताऱ्यासारख्या चकाकीवरून त्यांनी त्याला स्टेलाइट हे नाव दिले. पुढे त्यात टंगस्टन मिसळल्यावर तो लालबुंद तापला तरी कठीण राहू लागला. चिवट कोबाल्टमध्ये विखुरलेले कार्बाइडचे कठीण कण झीज रोखतात. त्यामुळे पोलादी झडपा व खोदकामाची हत्यारे यांच्या पृष्ठभागावर स्टेलाइटचा थर वितळवून चढवण्याची पद्धत रूढ झाली. संपूर्ण भाग महाग कोबाल्टचा करावा लागत नाही.

गंजरोधक पोलादाच्या शोधावरून त्यांचा हॅरी ब्रिअर्ली यांच्याशी वाद झाला. अखेर दोघांचे हक्क एकाच कंपनीत एकत्र आले. मद्यपानाचे कट्टर विरोधक असलेल्या हेन्स यांनी १९१६ मध्ये दारूबंदी पक्षातर्फे सिनेटची निवडणूक लढवली व ते पराभूत झाले. १९२० मध्ये त्यांनी स्टेलाइटचा कारखाना विकला.