एमलेन टनेल

एमलेन लुईस टनेल हे अमेरिकन फुटबॉलमधील बचावपटू होते. न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाकडून खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. १९६७ मध्ये त्यांची प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. हा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आणि केवळ बचावातील कामगिरीवर निवडले गेलेलेही पहिलेच खेळाडू होते.

पूर्वायुष्य

टनेल यांचा जन्म २९ मार्च रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ब्रिन मॉर येथे झाला. जन्मवर्ष काही नोंदींत १९२४, तर काहींत १९२५ असे आढळते. १९४२ मध्ये टोलेडो विद्यापीठाकडून खेळताना त्यांच्या मानेचे हाड मोडले. एवढ्या दुखापतीनंतर खेळ सुटणे स्वाभाविक होते; परंतु काही महिन्यांतच ते विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळू लागले.

दुसरे महायुद्ध चालू असल्याने त्यांनी सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न केला. मानेच्या दुखापतीमुळे भूदल व नौदल या दोघांनीही त्यांना नाकारले. तटरक्षक दलाने मात्र घेतले. तेथेही वर्णभेद होताच. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला बहुधा अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातील सेवकाचे काम येई आणि टनेल यांनाही तेच मिळाले. १९४४ मध्ये न्यू गिनीजवळ त्यांच्या जहाजावर जपानी विमानाने सोडलेला पाणतीर आदळून आग लागली. एका सहकाऱ्याच्या अंगावरील ज्वाळा टनेल यांनी उघड्या हातांनी विझवल्या व त्याला सुरक्षित जागी नेले. त्यात त्यांचे स्वतःचे हात भाजले. १९४६ मध्ये न्यूफाउंडलंड येथे जहाजावरून गोठणबिंदूच्या जवळपास असलेल्या पाण्यात पडलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याला त्यांनी समुद्रात उडी घेऊन वाचवले. या दोन्ही घटनांची दखल त्यांच्या हयातीत घेतली गेली नाही.

व्यावसायिक कारकीर्द

युद्धानंतर ते आयोवा विद्यापीठाकडून खेळले. १९४८ मध्ये कोणत्याही संघाचे निमंत्रण नसताना, मिळेल त्या वाहनाने प्रवास करीत ते न्यू यॉर्कला पोहोचले आणि थेट जायंट्सच्या कार्यालयात जाऊन संधी मागितली. संघाचे मालक टिम मारा यांनी ती दिली.

टनेल सेफ्टी या जागी खेळत. सेफ्टी म्हणजे बचावफळीत सर्वांत मागे राहणारा खेळाडू. प्रतिस्पर्ध्याने आपल्या सहकाऱ्याकडे हवेतून फेकलेला चेंडू बचावपटूने मध्येच झेलला, तर त्यास इंटरसेप्शन म्हणतात आणि त्या क्षणी चेंडूचा ताबा बदलतो. १९५० मध्ये जायंट्सचे प्रशिक्षक स्टीव्ह ओवेन यांनी क्लीव्हलंड ब्राउन्सच्या प्रभावी फेकखेळाला तोंड देण्यासाठी ‘छत्री बचाव’ योजला. त्यातील चार मागील खेळाडूंची रचना उघडलेल्या छत्रीसारखी दिसे व टनेल त्यातील प्रमुख होते. त्या सामन्यात ब्राउन्सना एकही गुण मिळाला नाही आणि जायंट्स ६–० असे जिंकले.

बचावपटूने फक्त अडवायचे, ही त्या काळची समजूत टनेल यांच्या खेळाने मोडली. झेललेला चेंडू किंवा प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू घेऊन ते उलट दिशेने धावत. १९५२ च्या हंगामात त्यांनी अशा धावांतून नऊशेहून अधिक यार्ड मिळवले. त्याच वर्षी लीगमधील सर्वाधिक धाव घेणाऱ्या आक्रमक खेळाडूच्या, लॉस एंजेलिस रॅम्सच्या डॅन टाउलर यांच्या नावावर ८९४ यार्ड होते. बचावातील माणूस आक्रमकापेक्षा अधिक जमीन जिंकतो, ही गोष्ट आजही विरळाच म्हणावी लागेल.

१९५६ मध्ये शिकागो बेअर्सला ४७–७ असे नमवून जायंट्स विजेते ठरले. जायंट्सचे साहाय्यक प्रशिक्षक असलेले व्हिन्स लोम्बार्डी १९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी टनेल यांनाही तेथे नेले. वय झाल्याने वेग ओसरला होता. पण तरुण बचावपटू विली वुड यांना घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६१ चे विजेतेपद पॅकर्सने ३७–० असे जिंकले आणि पराभूत संघ होता जायंट्स. त्यानंतर टनेल निवृत्त झाले. तेव्हा त्यांच्या नावावर ७९ इंटरसेप्शन होते. हा विक्रम १९७९ मध्ये पॉल क्राउझ यांनी मोडला.

निवृत्तीनंतर

त्यांनी जायंट्ससाठी नवे खेळाडू शोधण्याचे काम केले व पुढे ते साहाय्यक प्रशिक्षक झाले. लीगमध्ये त्या काळी असे पद कृष्णवर्णीयांना जवळजवळ मिळतच नसे. मुख्य प्रशिक्षकपद मात्र त्यांच्याकडे कधीच आले नाही. जुलै १९७५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील प्लेझंटव्हिल येथे जायंट्सच्या सराव शिबिराच्या काळात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

दोन सहकाऱ्यांचे प्राण वाचवल्याबद्दल तटरक्षक दलाचे रौप्य जीवनरक्षक पदक त्यांना २०११ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, देण्यात आले. दलाच्या एका गस्ती जहाजाला त्यांचे नाव असून ते २०२१ मध्ये सेवेत दाखल झाले.