बसचा क्लीनर, गिरणी कामगार, लोकशाहीर: अमर शेख यांचं आयुष्य आपल्या मुलांना का सांगायचं?

ठाणे, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या आपल्या घरांमध्ये दहावी-बारावीचा निकाल लागला की एकच चर्चा सुरू होते. आता पुढे काय? आयटीआय, डिप्लोमा, बी.कॉम. की सरळ कामाला लागायचं? त्यात एखाद्या मुलाने किंवा मुलीने मला लिहायचंय असं म्हटलं की घर गप्प होतं. अब्बा विचारतात, लिहून पोट भरतं का? अम्मी म्हणते, आधी नोकरी बघ, मग काय ते लिही.

अब्बांचा प्रश्न खोटा नाही आणि मुलाची ओढही खोटी नाही. दोघांनाही काही सांगू शकेल असं एक आयुष्य आपल्याच समाजात होऊन गेलं. ते म्हणजे लोकशाहीर अमर शेख. त्यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला एक गाणारा माणूस यापलीकडे फारसं माहीत नसतं. म्हणून आज त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो आहोत.

बार्शीचा मेहबूब

अमर शेख यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. घरचं नाव मेहबूब. आईचं नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना मिळाला तो आईकडून. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत मुस्लिम बायकाही पहाटे जात्यावर बसून मराठी ओव्या गात आल्या आहेत. घरात दखनी बोलायची आणि दळताना ओवी मराठीतून म्हणायची, यात त्यांना कधी काही वेगळं वाटलं नाही. मेहबूबला मराठी शाळेच्या फळ्यावर भेटायच्या आधी आईच्या तोंडून भेटली. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढे आयुष्यभर ते ज्या भाषेत लिहीत आणि गात राहिले ती त्यांनी कुणाकडून उसनी घेतलेली नव्हती.

गरिबीमुळे कामाला लागणं भाग होतं. ते बसवर क्लीनर झाले. तेव्हा एसटी नव्हती, खासगी गाड्या चालायच्या. त्या काळच्या क्लीनरचं काम म्हणजे गाडी धुवायची, हँडल मारायचं, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, टपावर सामान चढवायचं आणि स्टँडवर उभं राहून गावांची नावं पुकारायची. हे काम करणाऱ्याला दिवसभर शेतकरी, व्यापारी, माहेरवाशिणी, बाजारकरी अशी शंभर तऱ्हेची माणसं भेटतात आणि शंभर तऱ्हेची मराठी कानावर पडते. शाहिराला जी भाषा लागते, ती अशाच जागी मिळते.

त्यानंतर ते गिरणीत कामगार झाले. बार्शी हे कापसाचं आणि गिरण्यांचं गाव. भिवंडीत ज्यांचं आयुष्य लूमवर गेलं आहे त्यांना सांगायला नको की साच्यांच्या खटखटाटात शेजारच्याशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. अमर शेख यांच्या पहाडी आवाजाचं पुढे महाराष्ट्रभर कौतुक झालं. तो आवाज जन्माने मिळाला असेल, पण गिरणीच्या दिवसांनी तो नक्कीच तापवला असणार, असं आम्हाला वाटतं.

तुरुंग आणि नवीन नाव

गिरणीत ते नुसते राबले नाहीत, तर कामगारांचे पुढारी झाले. त्यासाठी तुरुंगातही गेले. विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ रघुनाथ कऱ्हाडकर या कम्युनिस्ट कार्यकर्त्याशी पडली, दोघांची मैत्री झाली आणि अमर शेख कम्युनिस्ट विचाराकडे वळले. त्यांचा हा विचार आपल्यातल्या प्रत्येकाला पटेलच असं नाही. पण मजुराला त्याच्या घामाचा दाम मिळाला पाहिजे, ही गोष्ट आपल्यापैकी कुणाला नवी नाही.

योगायोग असा की विसापूर हे श्रीगोंदा तालुक्यातलं गाव. याच श्रीगोंद्यात सतराव्या शतकात संतकवी शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. म्हणजे मुस्लिम माणसाने मराठीत लिहिणं ही काल-परवाची गोष्ट नाही. अमर शेख त्या वाटेवर तीनशे वर्षांनी आले.

तुरुंगानंतर ते बार्शी सोडून कोल्हापूरला गेले. तिथे मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम मिळालं. कोल्हापुरातच मित्रांनी त्यांचं नाव अमर शेख ठेवलं. क्लीनर, गिरणी कामगार, संपातला कार्यकर्ता, कैदी, स्टुडिओतला नोकर. आजच्या भाषेत सांगायचं तर बायोडाटा विस्कळीत होता. कुठल्याही मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं असतं की तुम्ही एका जागी टिकत का नाही? पण या प्रत्येक कामातून त्यांनी काहीतरी बरोबर नेलं. बसवरून बोली नेली, गिरणीतून कामगारांचं दुःख नेलं, तुरुंगातून विचार नेला आणि स्टुडिओतून सादर कसं करायचं ते नेलं.

तीन शाहीर

1944 मध्ये अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं. मातंग समाजातले अण्णाभाऊ वाटेगावहून मुंबईला आलेले आणि गिरणीत राबलेले. शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. डफ, तुणतुणं आणि ढोलकी घेऊन हे लोक कामगार वस्त्यांत, चाळींच्या पटांगणात, शेतकऱ्यांच्या परिषदांत जात. त्या काळी वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला दुष्काळ, महागाई, संप, स्वातंत्र्य हे विषय कळायचे ते पोवाड्यातून आणि गाण्यातून.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. संपूर्ण लढ्यात शंभरावर माणसं गेली. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून सभांमागून सभा होत होत्या आणि त्या सभांमध्ये अमर शेख गात होते. अण्णाभाऊंनी लिहिलेली ‘माझी मैना’ घराघरांत पोचली त्यात अमर शेख यांच्या गळ्याचा मोठा वाटा होता. दुसऱ्याने लिहिलेलं आपलं समजून गाणं यालाही मोठं मन लागतं. गोवामुक्तीच्या लढ्यातही ते होते. चीनच्या आणि पाकिस्तानच्या आक्रमणाच्या वेळी त्यांनी गाऊन लोकांना जागं केलं.

छत्रपती शिवाजी महाराजांवर त्यांनी पोवाडा रचला, होळकरांवर रचला, उधमसिंगांवर रचला. आज आपल्या मुलांना कामाच्या ठिकाणी कुणीतरी आश्चर्याने विचारतं की तुझं मराठी एवढं चांगलं कसं? विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण मूल घरी येऊन गप्प बसतं. अशा मुलाला अमर शेख यांची गोष्ट सांगावी. 1 मे 1960 ला जे राज्य जन्माला आलं, त्यासाठी बार्शीच्या मुनेरबीच्या मुलाने आपला गळा वापरला आहे. त्यामुळे मराठी कुठून शिकलास याचा खुलासा आपण कुणाला देत बसण्याची गरज नाही.

कागदावर किती उरलं?

आता लिहिण्याकडे येऊ, कारण आपला मूळ विषय तोच आहे. ‘अमरगीत’ हा त्यांचा गीतसंग्रह 1951 चा. ‘पहिला बळी’ नावाचं नाटकही त्यांनी लिहिलं. ‘कलश’ हा कवितासंग्रह 1958 मध्ये आला आणि ‘धरतीमाता’ 1963 मध्ये. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही मासिकं त्यांनी चालवली. या दोन नावांकडे नीट बघा. एक मराठी वळणाचं, दुसरं घरच्या बोलीतलं. आपल्या घरांत दोन्ही भाषा जशा शेजारी नांदतात, तशाच त्यांच्या कामातही नांदल्या. ‘प्रपंच’ आणि ‘महात्मा फुले’ या चित्रपटांतही त्यांनी भूमिका केल्या.

पहिला गीतसंग्रह आला तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास होतं आणि ‘कलश’ आला तेव्हा चाळिशी उलटली होती. पंचविशीत पुस्तक आलं नाही म्हणून आपलं आता काही खरं नाही, असं मानणाऱ्या तरुणांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. मधली वर्षं वाया गेली नव्हती, ती कामात गेली होती आणि त्या कामातूनच कविता आली.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो माणूस अनेक वर्षं रात्री-रात्री गात होता, त्याच्या नावावर पुस्तकं मोजकीच आहेत. गाणं हवेत जातं. सभा संपली, लोक घरी गेले की ते त्यांच्या आठवणीत उरतं आणि ती माणसं गेली की तेवढंही उरत नाही. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या आणि लिहिणाऱ्या कितीतरी शाहिरांची आज नावंही कुणाला ठाऊक नाहीत. लिहून ठेवणं का गरजेचं आहे, ते इथे कळतं.

आणि अब्बांच्या प्रश्नाचं काय? लिहून पोट भरतं का? शाहिराच्या घरात महिन्याच्या एक तारखेला पगार येत नसतो. लोकांचं प्रेम मिळतं, हार मिळतात, पण रेशन त्याने भरत नाही. चळवळीला वाहून घेतलेल्या माणसाची किंमत त्याचं घर मोजत असतं. हे लपवून मुलांना नुसती भव्य गोष्ट सांगणं बरोबर नाही. पण त्याच घरात त्यांची मुलगी मलिका अमर शेख मोठी झाली आणि मराठीतली नावाजलेली कवयित्री झाली. बापाने पैसा ठेवला नसेल, शब्द ठेवले. असा वारसा प्रत्येकाला पुरेसा वाटेलच असं नाही, पण तो वारसा आहे हे नाकारता येत नाही.

1969 चा पावसाळा

13 जून 1969 रोजी आचार्य अत्रे गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणि 29 ऑगस्टला इंदापूरजवळ गाडीच्या अपघातात अमर शेख गेले. वय अवघं 52. ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राची सभा पेटवली त्यातले तीन आवाज अडीच महिन्यांत बंद झाले. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. ज्याला परिस्थितीने लहान वयात कामाला जुंपलं, त्याच्या नावाने विद्यापीठात लोककलेचा अभ्यास चालतो.

आपण काय करू शकतो?

घरातल्या मोठ्यांना आमची विनंती एवढीच की लिहिणाऱ्या मुलासमोर नोकरी किंवा लेखन असा पेच टाकू नका. अमर शेख यांनी हातातलं काम कधी कमी लेखलं नाही आणि कामामुळे शब्द सोडले नाहीत. मुलगा दुकानावर बसत असेल, रिक्षा चालवत असेल, मुलगी कल्याणहून लोकलने रोज ऑफिस गाठत असेल, तर त्यांच्या लिहिण्याचा माल तिथेच पडलेला आहे. त्यांना फक्त रोजचा अर्धा तास आणि एक वही हवी आहे.

आणि लिहिणाऱ्यांना सांगणं असं की नोकरीला शत्रू समजू नका. घर चालवणं ही जबाबदारी आहे, त्यात कमीपणा नाही. पण जे ऐकता, जे सोसता ते टिपून ठेवा. आजीला येणाऱ्या ओव्या, अब्बांच्या लूमवरच्या आठवणी, मोहल्ल्यातले जुने किस्से मोबाइलमध्ये रेकॉर्ड करा आणि नंतर कागदावर उतरवा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आहे आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून. या दोन्ही जागा आपल्याही आहेत. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा आणि अमर शेख यांच्या कवितांची चौकशी करा. पुस्तक मिळालं तर एक कविता घरी मोठ्याने वाचा. ती वाचायलाच नाही, तर ऐकवायला लिहिलेली आहे.