आजाऱ्यांचे सोबती श्रीसंत गाडगे महाराज

आपल्या वार्षिक स्मरणिकेत श्रीसंत गाडगे महाराजांचे चरित्र बहुधा दरवर्षी येतच असते. हातातील खराटा, डोईवरील मडक्याचे खापर, चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी व दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हे चित्र आपल्या घराघरांत भिंतीवर लागलेले आहे. तेव्हा तेच पुन्हा लिहून काय साधणार, असा विचार संपादक मंडळाचा निरोप आला त्या वेळी आमच्या मनात आला होता. परंतु भद्रावती व आसपासच्या खेड्यांतून चाळीसएक वर्षे मुलांना शिकविताना एक गोष्ट आम्ही वारंवार पाहिली आहे. तरुण जोडपे असते, घरी एक-दोन लेकरे असतात, संसार नुकता उभा राहात असतो, आणि एके रात्री अकस्मात लेकराच्या जिवावरचा प्रसंग येतो. अशा वेळी आईबापांच्या तोंडी देवाचेच नाव येते, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु नाव घेऊन झाल्यावर पाऊल कोणीकडे पडावे, याचा उलगडा बाबांच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचित कोठे दिसत असेल. म्हणून त्यांच्या चरित्राची ही एकच बाजू आम्ही येथे मांडणार आहोत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, आपल्या परीट समाजातील एका साध्या घरात झाला. आईचे नाव सखुबाई. घरावर पहिला आघात झाला तो डेबूजी आठ वर्षांचे असताना. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. त्या काळी आपल्या समाजात कोणतेही कार्य निघाले की देवापुढे बकरे आणि पंगतीत दारू ही ठरलेली रीत असे. आजार बरा झाला तरी तेच, आणि बरा व्हावा म्हणून नवस केला तरी तेच. त्या रीतीनेच झिंगराजींचे शरीर पोखरले, आणि १८८४ साली ते गेले. आपल्या पोराला या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे त्यांनी शेवटी पत्नीस विनविल्याचे चरित्रकार सांगतात. तरुण विधवा सखुबाई आपल्या एवढ्याशा मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या.

तेथे मामांच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखली, नांगर धरला, रात्री भजनात रमले. पुढे सावकाराने फसवून जमीन गिळली, त्याचा धसका घेऊन मामा चंद्रभानजी गेले आणि घराचा सारा भार या तरुणावर पडला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलाने तेव्हापासून एक हिशेब मनात पक्का केला असावा, असे आम्हांस वाटते. तो असा की आजार, मरण व नवस ही तीन निमित्ते सावकाराच्या ओटीवर नेणारी आहेत. आजार माणसाच्या हाती नसतो, मरण तर नसतेच. नवस मात्र हाती असतो.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिली कन्या अलोका हिच्या बारशास भाऊबंद जमले, ते अर्थात मटण व दारू यांच्या अपेक्षेने. डेबूजींनी पानात वाढविले बुंदीचे लाडू. जातपंगतीत त्या काळी हे धाडस लहान नव्हते. आजही आपल्यापैकी कित्येकांना कर्ज काढून मोठी पंगत घालण्यावाचून गत्यंतर वाटत नाही, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण बापाने भावकीचा रोष पत्करून आपल्या पहिलटकरणीच्या पाळण्याभोवतीची दारू हटविली, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुढील मोठमोठ्या धर्मशाळांइतकीच मोलाची वाटते.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. घरी वृद्ध आई, तरुण पत्नी व लहान लेकरे होती. या त्यागाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु मागे राहिलेल्या कुंताबाईंनी ज्या रात्री लेकरांचा ताप एकटीने उशाशी बसून काढला असेल, त्या रात्रींचे वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. बाबांविषयी आमच्या मनात पूर्ण भक्ती असूनही हे लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांचे लोककार्य उभे राहिले त्यात या माउलीचा वाटा अर्धा तरी मानला पाहिजे.

पुढील बारा वर्षे त्यांची भ्रमंती चालू होती. गावात शिरावे, खराट्याने गल्ल्या झाडाव्या, रात्री कीर्तन करावे, भाकरीचा तुकडा खापरात घ्यावा व पहाटे चालू लागावे, असा तो क्रम. त्यांच्या कीर्तनाची तऱ्हा निराळी होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. बकरा कापून पोराचा आजार जातो काय, जात असेल तर श्रीमंतांची पोरे का मरतात, कर्ज काढून सण करावा काय, असे वऱ्हाडी बोलीतले साधे प्रश्न असत. श्रोते आधी हसत, आणि हसता हसता निरुत्तर होत. देवाचे नाव मात्र त्यांनी एक क्षणही सोडले नाही. गोपाळाचा गजर करूनच कीर्तन उठे आणि गजरातच संपे. त्यांचा वाद देवाशी नव्हता. देवाच्या नावावर जो रक्ताचा व पैशाचा बाजार मांडला जाई, त्याच्याशी होता. १९३१ साली वरवंडे येथे त्यांच्या प्रबोधनामुळे देवापुढील पशुहत्या बंद झाली.

आता १९२३ सालच्या त्या प्रसंगाकडे येऊ. मे महिना होता. बाबा कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते आणि तेथेच त्यांस वार्ता कळली की मुलगा गोविंद गेला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने हा तरुण मुलगा हातचा गेला होता. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग सांगताना आपले कीर्तनकार त्यांच्या वैराग्याचा गौरव करतात, आणि तो यथार्थच आहे. परंतु शिक्षकाच्या सवयीने आम्ही येथे किंचित थांबतो.

कुत्र्याच्या दंशातून होणारा हा रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यावर इलाज नाही; तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. इलाज आहे तो रोग प्रकट होण्यापूर्वी. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८८५ साली या रोगाची लस प्रथम एका मुलास टोचली. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे व १९०७ साली कुन्नूर येथे तिच्या संस्था निघाल्या. म्हणजे १९२३ साली लस होती, परंतु वऱ्हाडातील खेडे व ती लस यांच्यामधील अंतर फार मोठे होते. आज ते अंतर प्राथमिक आरोग्य केंद्राइतके उरले आहे. दंशानंतर रोग उठण्यास बहुधा काही आठवडे, क्वचित कित्येक महिने लागतात. चावलेले प्रत्येक कुत्रे पिसाळलेलेही नसते. म्हणून झाडपाल्याचा रस पाजणाऱ्या अगर मंत्र घालणाऱ्या जाणत्याची कीर्ती अबाधित राहते. दहांपैकी आठ-नऊ जण आपोआपच वाचणारे असतात आणि त्यांचे श्रेय तो घेतो, आणि जो जातो तो इतक्या दिवसांनी जातो की त्याचा दोष कोणी जाणत्याला देत नाही.

येथे समाजबांधवांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कुत्रा चावताच पहिला उपाय म्हणजे जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे, आणि लगेच त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करणे. साबण व पाणी ही तर आपल्या जातीची पिढीजात आयुधे! ज्यांनी साऱ्या गावाचे मळ धुतले, त्यांच्या घरी जखमेवर हळद, चुना अगर तिखट भरून बसावे, हे शोभत नाही.

आपल्या भद्रावतीस तर या विषयाचे अगत्य विशेष आहे. पूर्वीचे भांदक ते हेच. येथील भद्रनागाचे देवस्थान पुरातन असून नागपंचमीस दूरदूरचे लोक दर्शनास येतात. आम्हीही लहानपणापासून जात आलो आहोत. जंगलाच्या व शेतीच्या या मुलखात सर्पदंश ही पावसाळ्यातील नेहमीचीच आपत्ती होय. मण्यार रात्री भुईवर निजलेल्यास चावते. दंशाची वेदना इतकी थोडी की झोपमोडही होत नाही. पहाटे लेकरू पोट दुखते म्हणून रडू लागते, पापण्या जड होतात, आवाज बसतो. घरची माणसे अपचन समजतात, नाही तर बाहेरची बाधा समजून जाणत्यास बोलावतात, आणि श्वास बंद पडू लागेतो वेळ निघून जाते. त्या घटकेला नागदेवतेचे नाव मुखाने घ्यावे, हात जोडावे, आणि पाय दवाखान्याकडे चालावे. सर्पविषावरील लस तेथे आहे, देवळात नाही. २०१३ साली महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, कुत्रा, साप अगर विंचू चावलेल्या माणसास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे, हा गुन्हा ठरविला आहे. बाबांनी प्रश्न विचारून जे लोकांच्या गळी उतरविले, त्यातील काही भाग असा त्यांच्या मागे सत्तावन्न वर्षांनी कायद्यात आला.

श्रद्धेचे दुसरे अंग बाबांनी दगड-चुन्यात उभे केले. आजारी माणसास रुग्णालयात खाट मिळते. परंतु त्याच्यासोबत आलेली तरुण बायको, तिच्या कडेवरचे मूल, म्हातारा बाप, यांनी कोठे राहावे? आपल्या जिल्ह्यातून नागपूरला आजारी घेऊन गेलेल्या कोणासही हा प्रश्न नवा नाही. औषधापेक्षा या राहण्या-खाण्याच्या खर्चानेच कित्येक कुटुंबे अर्धा उपचार टाकून गावी परततात आणि मग अंगारा शोधतात. बाबांनी हे ओळखले होते. ऋणमोचन, मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, पंढरपूर येथे त्यांनी घाट, अन्नसत्रे व धर्मशाळा उभ्या केल्याच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांस कोणीही ओसरीवर उभे करीत नसे त्यांच्यासाठी होती, आणि ती पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. परंतु १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयालगत जी धर्मशाळा झाली, तिला आम्ही या सर्वांत वेगळे स्थान देतो. ती तीर्थक्षेत्री नव्हती. तेथे येणारा यात्रेकरू म्हणजे आजाऱ्याचा घाबरलेला नातलग. बाबांच्या पश्चात त्याच पायवाटेने दादरची धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यास दूरदूरहून आलेले गरीब आजारी व त्यांचे नातलग तिच्या आश्रयास असतात.

लक्षावधी रुपयांच्या या संस्थांत बाबांनी स्वतःच्या पत्नीस, मुलींस वा नातलगांस कसलाही अधिकार ठेवला नाही. १९५२ साली त्यांच्या कार्याच्या व्यवस्थेसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, तेव्हाही हाच नेम होता. स्वतः ते धर्मशाळेच्या खोलीत न राहता बाहेरच पडून असत. १९४९ साली मुंबईस ते आजारी पडले असता डॉ. आंबेडकर, जे त्या वेळी भारताचे कायदेमंत्री होते, त्यांच्या भेटीस घोंगड्या घेऊन गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे सांगतात.

दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर निवर्तले. त्याच सुमारास बाबांचीही प्रकृती ढासळली होती. नोव्हेंबरमध्ये वांद्रे येथे झालेले कीर्तन त्यांचे अखेरचे ठरले. ते ध्वनिमुद्रित झाले असल्याने त्यांचा तो खडा आवाज आजही ऐकावयास मिळतो, आणि आमच्या शाळेतील मुलांस आम्ही तो ऐकविला आहे. दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी, ऐंशी वर्षे पुरी केलेला हा देह मोटारीतून अमरावतीकडे नेला जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलापाशी विसावला. त्यांची समाधी अमरावतीस, आता गाडगेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात आहे. भद्रावतीहून अमरावतीस आजाऱ्यास घेऊन जाणारे आपले कित्येक बांधव रुग्णालयातील काम आटोपल्यावर तेथे घटकाभर टेकून येतात.