क्रिकेटचे डॉक्टर, बोल्सचे कर्णधार : डब्ल्यू. जी. ग्रेस

विल्यम गिल्बर्ट ग्रेस हे नाव उच्चारताच क्रिकेट आणि छातीवर रुळणारी भरघोस दाढी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु हेच ग्रेस आयुष्याच्या उत्तरार्धात लॉन बोल्स या खेळाचे आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि इंग्लंडचे कर्णधार होते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

१८ जुलै १८४८ रोजी ब्रिस्टलजवळील डाऊनेंड येथे त्यांचा जन्म झाला. १८७९ मध्ये ते डॉक्टर झाले आणि ब्रिस्टलमध्ये त्यांनी व्यवसाय केला. १८७६ मध्ये केंटविरुद्ध ३४४ धावा काढून त्यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमधील पहिले त्रिशतक नोंदविले. १८८० मध्ये ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्यांनी १५२ धावा केल्या. इंग्लंडच्या खेळाडूचे ते पहिले कसोटी शतक होते. १८९६ मध्ये रणजितसिंहजी आपली पहिली कसोटी खेळले, तेव्हा संघाचे नेतृत्व ग्रेस यांच्याकडेच होते.

१८९९ हे वर्ष मात्र त्यांची परीक्षा पाहणारे ठरले. त्या वर्षी त्यांची तरुण कन्या बेसी विषमज्वराने मरण पावली. ज्या ग्लॉस्टरशायर संघाशी त्यांचे नाव एकरूप झाले होते, त्याच्याशी मतभेद होऊन त्यांना बाहेर पडावे लागले. वाढत्या वजनामुळे क्षेत्ररक्षण जमेनासे झाले होते. जून महिन्यात नॉटिंगहॅम येथे ते आपला अखेरचा कसोटी सामना खेळले. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे स्थापन झालेल्या लंडन काउंटी क्रिकेट क्लबची धुरा त्यांनी स्वीकारली. तेथेच त्यांना बोल्सची गोडी लागली. या खेळात हिरवळीवर घरंगळत सोडलेला गोळा 'जॅक' नावाच्या लहान पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा असतो. गोळ्याची घडण मुद्दाम एका बाजूला झुकणारी असल्याने तो सरळ न जाता वळत जातो. येथे धावण्याची गरज नसते. लागते ती अचूक नजर, हाताचा अंदाज आणि संयम. शरीर थकलेल्या, पण जिंकण्याची ईर्ष्या तसूभरही न ओसरलेल्या ग्रेस यांना हा खेळ मानवला.

स्कॉटलंडमध्ये बोल्सची राष्ट्रीय संघटना १८९२ पासून कार्यरत होती. इंग्लंडमधील क्लबांना मात्र एका छत्राखाली आणणारी तशी भक्कम संस्था नव्हती. ही उणीव भरून काढण्यात ग्रेस यांनी पुढाकार घेतला. १९०३ मध्ये इंग्लिश बोलिंग असोसिएशनची स्थापना झाली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सामन्यांना प्रारंभ झाला. १९०३ ते १९०८ या काळात त्यांनी इंग्लंडच्या बोल्स संघाचे नेतृत्व केले. क्रिकेट आणि बोल्स या दोन्ही खेळांत देशाचे कर्णधारपद भूषविण्याचा मान त्यांना लाभला. हिवाळ्यातही खेळ खंडित होऊ नये म्हणून क्रिस्टल पॅलेसमध्ये छताखाली बोल्स खेळण्याच्या प्रयोगालाही त्यांनी चालना दिली.

हा काळही दुःखमुक्त नव्हता. १९०५ मध्ये त्यांचा ज्येष्ठ पुत्र आंत्रपुच्छाच्या विकाराने निधन पावला. तरीही ग्रेस मैदानापासून दूर गेले नाहीत. १९०८ मध्ये ५९ व्या वर्षी ते अखेरचा प्रथम श्रेणी क्रिकेट सामना खेळले. पहिले महायुद्ध सुरू असताना, २३ ऑक्टोबर १९१५ रोजी केंटमधील मॉटिंगहॅम येथे त्यांचे निधन झाले.

१९३० मध्ये हॅमिल्टन येथे झालेल्या पहिल्या ब्रिटिश साम्राज्य क्रीडा स्पर्धेत लॉन बोल्सचा समावेश झाला. त्याच परंपरेतील राष्ट्रकुल स्पर्धेत, २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे, भारताच्या लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी सुवर्णपदक जिंकले आणि हा खेळ भारतात घरोघरी पोहोचला. ज्या इंग्लंडमध्ये त्यांनी हे यश मिळविले, तेथे या खेळाला संघटित रूप देणाऱ्यांत पन्नाशीनंतर नव्याने मैदानात उतरलेले हे क्रिकेटमहर्षी अग्रभागी होते.