मुलांच्या अंगणात गेलेल्या ताराबाई

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

शहरातील वस्त्यांमधल्या अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा शासनाचे आरोग्य पथक येणे अपेक्षित असते. वजन, उंची, डोळे, दात यांच्या तपासणीबरोबरच मूल वयानुसार बोलते का, हाक मारल्यावर मान वळवते का, इतर मुलांत मिसळते का, हेही पाहिले जाते. शंका वाटल्यास मुलाला पुढील तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. बालमनोविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. त्यामुळे जे मूल दवाखान्याची पायरी कधी चढणारच नाही, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बहुधा अंगणवाडीतूनच जाते. या अंगणवाडीची कल्पना ज्यांनी रुजवली, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक डॉक्टर नव्हत्या. मात्र समाजात जाऊन मुलांच्या मनावर काम करणाऱ्या आजच्या तज्ज्ञांच्या आधी त्याच वाटेवरून त्या चालून गेल्या होत्या.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. त्या काळात अशा घरातील मुलांना समाजाच्या नजरा लहानपणीच ओळखता येऊ लागत. १९१४ मध्ये ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी, आणि नवऱ्याचे घर सोडलेली सुशिक्षित स्त्री ही तेव्हा कुचेष्टेचा विषय. राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. परंतु त्या प्रतिष्ठेच्या नोकरीतही फार काळ रमल्या नाहीत. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका मुलांना न मारता, न धमकावता शिकवण्याचा प्रयोग करीत होते. १९२३ मध्ये ताराबाई तेथे दाखल झाल्या.

हा प्रयोग माँटेसरी पद्धतीचा होता. या पद्धतीचा उगम मनोविकारांच्या दवाखान्यात आहे, हे सहसा सांगितले जात नाही. मारिया माँटेसरी मुळात डॉक्टर. रोम विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात काम करताना मतिमंद ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा हातांना काम आणि डोळ्यांना विषय हवा आहे, हे त्यांना उमगले. पुढे १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. ताराबाईंनी या पद्धतीतून उचलली ती प्रामुख्याने निरीक्षणाची शिस्त. हट्टी, रडका, मठ्ठ असे शिक्के मारण्याआधी मुलाकडे नीट पाहायचे आणि त्याच्या वागण्यामागचे कारण शोधायचे. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मराठी 'शिक्षण पत्रिके'च्या संपादनातून ताराबाई हे विचार मराठी पालकांपर्यंत नेऊ लागल्या.

१९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने मुंबईतच देशातले पहिले बाल मार्गदर्शन केंद्र उघडले. महानगरातील मुलांच्या मनाची विचारपूस सुरू झाली होती. मात्र दादरमधील मुले मध्यमवर्गीय घरांतली होती, माँटेसरीची साधने महाग होती आणि खेड्यातले मूल या साऱ्याच्या बाहेर होते. गांधीजींच्या नई तालीमच्या विचारांनी ही बोच अधिक तीव्र केली.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, दादरचे जमलेले काम मागे ठेवून ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या. बालवैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली. पण जिच्यासाठी ती उघडली, ती हरिजनवाड्यातली मुले येईनात. आई-बाप मजुरीला, थोरली बहीण तान्ह्याला कडेवर घेऊन घरी आणि मध्ये जातीची भिंत. पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी शाळाच उचलून वस्तीत, मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू ही तिची साधने. शिक्षिका मुलांना आंघोळ घालत, केस विंचरत, मग गाणी-गोष्टी. सुशिक्षित बाईने वस्तीतल्या मुलांना स्वच्छ करण्यात थोडा वरचढपणा होता, असे आज कोणी म्हणेल. पण ज्यांना शिवायला गाव तयार नव्हता, त्या मुलांच्या डोक्यावरून फिरलेला तो हात होता, हे विसरता येत नाही.

१९५६-५७ च्या सुमारास काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. येथे मुले गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली, ती कुरणशाळा. मुली धाकट्या भावंडांमुळे अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी. न येणाऱ्या मुलात दोष न पाहता त्याच्या दिवसाची घडण समजून घेण्याची ही रीत आज वस्तीपातळीवर काम करणाऱ्या बालमानसतज्ज्ञांना वेगळी शिकवावी लागते. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले.

शासनाने पुढे अंगणवाडी हे नाव उचलले, मात्र त्यातले निरीक्षण मागे पडले. पोषण आहार आणि नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस सरतो. कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलाकडे पाहायला तिला सवड कुठून मिळणार?

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून सुरू झाली. ती त्यांना पाहता आली नाही. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळले. मुलांच्या वाढीतील अडथळे अंगणवाडीतच हेरणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो पालघर येथून. कोसबाड आज त्याच पालघर जिल्ह्यात आहे.