पंडिता रमाबाई व त्यांना लाभलेली देणगी

बोरघाट चढून आगगाडी लोणावळ्यास येते, यात मावळातील आमच्या विद्यार्थ्यांस काही नवल वाटत नाही. परंतु १८९६ साली याच गावी ख्रिस्ती सेवकांचा मेळावा भरला असता पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींसह येथे उतरल्या होत्या. त्यांच्या येथील वास्तव्याची हकीकत पुढे येईल. प्रथम या बाई कोण होत्या ते सांगितले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून शास्त्रीमंडळी त्यांच्यावर रुष्ट झाली. तथापि त्यांनी आपला हेका सोडला नाही, आणि त्याच माउलीने पुढे पहाटे उठून रमाबाईंस पाठ दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. १८७६ च्या सुमारास दुष्काळाने आईबाप व वडील बहीण यांस ओढून नेले. राहिली दोघे भावंडे. अन्नावाचून दिवस काढीत, हजारो कोस पायी तुडवीत ती १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या विशीतील मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. धनधान्य सर्व गेले होते. जिभेवरची विद्या मात्र दुष्काळास नेता आली नाही.

पुढे बंधू वारले. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ साली पतीही निवर्तले व रमाबाई तान्ह्या मनोरमेस घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात असे ठासून मांडले. स्वतः वैद्यकी शिकावी या हेतूने त्या १८८३ साली विलायतेस गेल्या, परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी गेली तरी भाषा होतीच. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. पुढे अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि तेथे मिळालेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. १८९३ साली धर्मांतराच्या शंकेने अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या पालकांस केवळ दोष देणे मला बरे वाटत नाही. आपली लेक आपणांस परकी होईल ही भीती कोणत्याही घरी खरीच असते. बाईंच्या मनास मात्र तो घाव मोठा होता.

अशा वेळी लोणावळ्याचा मेळावा आला. बरोबरच्या पंधरा मुली ख्रिस्ताकडे वळल्या होत्या. एके दिवशी भल्या पहाटे बाई एकट्याच रानात गेल्या आणि, पुढील मेळाव्यापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा, असे त्यांनी देवाजवळ मागितले. पंधरांचा वर्ग दोनशे पंचवीस! गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही प्रार्थना अवश्य ध्यानात ठेवावी. तेव्हाच्या सदनात एवढ्या मुली मावल्याही नसत्या. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे ज्यांनी स्वतः भोगले होते त्या बाई तिकडे धावल्या व शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांस दौंडच्या वाटेवरील केडगावी, शेतातील झोपड्यांत ठेवावे लागले. पुढील मेळाव्यापूर्वी मागितलेली संख्या भरली, असे बाईंनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. केडगावी त्यातूनच मुक्तिसदन उभे राहिले.

मुक्तिसदनात मुली शेती करीत, माग चालवीत, आंधळ्या मुली ब्रेल लिपी वाचीत. पण मला सर्वांत नवल वाटते ते छापखान्याचे. दुष्काळातून आलेल्या, अक्षरशत्रू असलेल्या मुली तेथे खिळे जुळवू लागल्या, आणि त्यांच्यासाठी मजकूर सिद्ध करण्यास बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर इब्री व ग्रीक शिकू लागल्या. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बायकांस कठीण जाते असे त्यांस वाटे. म्हणून मूळ भाषांवरून सर्व शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयाचे त्यांनी ठरविले. ज्या वाणीने एके काळी पंडितांची सभा जिंकली, ती आता जात्यावर बसणाऱ्या बाईस समजेल असा शब्द शोधीत होती. हे भाषांतर आपल्या मंडळ्यांत सर्वत्र रूढ झाले नाही, हे खरे आहे. शब्दाला शब्द देण्याच्या आग्रहामुळे काही ठिकाणी ते अवघडही झाले. तरी एका स्त्रीने सबंध बायबल एकटीने मराठीत आणावे, ही गोष्ट लहान नव्हे.

हे काम बरीच वर्षे चालले. १९२१ च्या जुलैत, जिच्या हाती सर्व कारभार सोपवावयाचा ती मनोरमा वारली. बाईंची प्रकृतीही ढासळली होती, पण मुद्रिते तपासणे त्यांनी थांबविले नाही. ते काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी केडगावी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तिसदनातल्या मुलींनीच जुळविले होते.